अब्बांचं साचेखातं

अब्बांनी लोअर परळच्या एका गिरणीत २४ वर्षं साचे चालवले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते आत गेलेच नव्हते. गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आम्ही तिघं भावंडं त्यांना घेऊन गेलो. धाकट्या बहिणीची मुलगी तिथल्याच एका स्टुडिओत कापडाचे नमुने आखते, तिनं बोलावलं होतं.

फाटकावर वॉचमननं विचारलं, “कुणाकडे?” अब्बांनी सवयीनं तिकीट नंबर सांगितला. आम्हाला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

साचेखातं उभं आहे. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, काचा उत्तरेला. कडक ऊन आत येऊ नये आणि तुटलेला धागा मात्र दिवसभर नीट दिसावा, म्हणून तशी बांधणी. आता त्याच उजेडात फोटो काढतात, चित्रं रंगवतात. लोखंडी खांबांना काळा रंग दिलाय. फरशीत साच्यांच्या बोल्टांची भोकं तशीच ठेवलीत. अब्बा ती मोजत निघाले आणि कॉफीच्या यंत्रापाशी थांबले. “इथं माझे चार.”

मग बोलत सुटले. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, खिडक्या बंद. आवाज इतका की बोलणं खुणांनीच. (घरात ते अजून ओरडूनच बोलतात, मरहूम अम्मी त्यावरून किती चिडायची!) धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून दलितांना साच्यावर घेत नसत, हेही त्यांनी नातीला सांगितलं.

भाईजान मात्र धुमसत होते. “भिंती जपल्या, माणसं?” अब्बांची देणी किती वर्षांनी हाती आली, ते आम्ही विसरलेलो नाही. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन हिस्से होते: मोकळ्या जागा, म्हाडाची घरं आणि मालक. २००१ मध्ये फक्त बांधकाम नसलेली जमीनच वाटणीत धरायचं ठरलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. घरांचा वाटा आटला. तरी सगळं पाडून टॉवर उभा राहण्यापेक्षा हे बरं, असं आम्हा दोघांना वाटतं. भाईजानना अजून पटलेलं नाही.

अस्रची वेळ झाली. अब्बांनी विचारलं, “तो मागचा कोपरा आहे का? आम्ही तिथं पढायचो.” तिथं आता फोटोचे दिवे ठेवतात. नातीनं दोन स्टँड बाजूला सरकवले आणि टेबलावरचं नमुन्याचं कापड अंथरलं. अब्बांनी आधी ते बोटांत धरून पाहिलं.

“बाणा सैल आहे गं,” म्हणाले, आणि नियत बांधली.