पाचच मिनिटं तर लागतील!

भिलाईत सिव्हिक सेंटर असो की सुपेला, सणासुदीच्या संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं कठीणच. अशा वेळी दुकानासमोर व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलेली मोकळी जागा दिसली, की मोह होतो. ‘पाचच मिनिटं तर लागतील,’ असं म्हणत गाडी तिथेच लावली जाते.

ही जागा इतरांपेक्षा रुंद का असते, ते मला आमच्या शेजारच्या काकांमुळे कळलं. काकू डिकीतून व्हीलचेअर काढून दाराशी आणतात. काकांना तिच्यावर सरकायचं, तर गाडीचं दार पूर्ण उघडावं लागतं. म्हणूनच अशी जागा जास्त रुंद ठेवलेली असते. प्रवेशद्वारापासूनही ती जवळच हवी.

गेल्या दिवाळीत काका एका दुकानापर्यंत जाऊन तसेच परतले. तिथे कार नव्हती, कडेला फक्त एक बाईक उभी होती.

“अगं, गाडी मावत होती, पण दार उघडत नव्हतं,” काका म्हणाले.

नातीचा फ्रॉक नंतर मुलाने आणला. पण तो स्वतः निवडायची काकांची हौस राहूनच गेली.

बाईकवाल्यालाही कदाचित पाचच मिनिटं लागली असतील. काकांची मात्र अख्खी संध्याकाळ गेली. म्हणून मुलांनो, घरातलं कुणी त्या चिन्हावर गाडी लावू लागलं, तर तुम्हीच म्हणा, “थोडं पुढे लावूया, आपण चालत येऊ.”