छत्रीचे पैसे

छत्री घेऊन घराबाहेर पडावे आणि दिवसभर लख्ख ऊन पडावे, यासारखा अपमान नाही. तरी त्याबद्दल छत्रीवाल्याकडे पैसे परत मागायला गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. शेअरबाजारातल्या छत्रीला मात्र हा न्याय लागू नाही.

या छत्रीचे नाव पुट ऑप्शन. आपल्याकडे निर्देशांकाचे वायदे २००० साली सुरू झाले, ऑप्शन २००१ साली. त्याआधी साधा भागधारक देवावर हवाला ठेवून भिजत असे.

माझ्याकडे एका कंपनीचे ५०० शेअर होते, हजाराच्या भावाचे. धाकटीच्या कॉलेजची फी त्यांतूनच निघायची होती आणि ती भरायला महिना होता. मी ९५० चा पुट घेतला; शेअरमागे प्रीमियम २० रुपये. म्हणजे महिनाअखेरीस भाव ७०० वर कोसळला, तरी ९५० ला विकण्याचा हक्क माझा. नुकसान फार तर शेअरमागे ७० रुपये. भाव चढला, तर वाढ माझीच, वीस रुपये वजा. ही छत्री किरकोळीत मिळत नाही, लॉटने मिळते. माझे शेअर नेमके एका लॉटइतके होते, म्हणून जमले.

बातमी स्वयंपाकघरात पोचली.

“दहा हजार देऊन काय आणलंत?”

“झोप.”

“एवढ्यात गादी आली असती! आणि इतकी धाकधूक होती, तर शेअरच का नाही विकलेत?”

प्रश्न बिनतोड होता. मी समजावले, “विकले तर फी निघते. ठेवले आणि भाव वाढला, तर वसतिगृहाचा खर्चही निघतो. पुट घेतला की वसतिगृहाची आशा धरता येते आणि फीची काळजी राहत नाही.” ते ऐकून हिने आमटीला फोडणी दिली. आमच्याकडे चर्चा संपल्याची ती खूण आहे.

महिना गेला. बाजार पडला नाही, भाव थोडा चढलाच. पुटाची मुदत संपली, फी भरली. “म्हणजे दहा हजार पाण्यात!” ही म्हणाली. विम्याचा हप्ता भरून वर्षभर जिवंत राहिल्याबद्दल मात्र तिने मला कधी बोल लावलेला नाही.

ही हकिगत ऐकून आमचे शेजारी याच बाजारात उतरले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले होते, की त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनांत शंभरातल्या ९३ व्यक्तींनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. मी त्यांना आकडे वाचून दाखवले.

“तुम्हीही घेतलाच होतात की पुट!” ते म्हणाले.

“घेतला होता. पण माझ्याकडे शेअर होते. तुमचे कुठल्या कंपनीचे आहेत?”

“शेअर?” ते चकित होऊन म्हणाले, “ते कशाला लागतात?”

त्यांचीही धाकटी यंदा बारावीला आहे.