जोडे शिवणाऱ्याचा पुतळा

महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर एक रकाना होता : ‘वडिलांचा व्यवसाय’. मी लिहिले, ‘व्यापार’. अगदीच खोटे नव्हते म्हणा. एसटी स्टँडसमोरच्या लिंबाखाली आप्पा चार चपला विकायलाही ठेवतात. पण त्यांचा दिवस जातो तो रापी आणि आरी घेऊन लोकांच्या चपलांचे तुटलेले अंगठे जोडण्यात. दोऱ्याला मेण लावून देण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. शाळेत जाण्याआधी मी दोनदा हात धूत असे. तरी वास राहतोच असे वाटे. तो खरोखरच राहत होता, की फक्त मलाच येत होता, कुणास ठाऊक!

गेल्या वर्षी युरोपच्या इतिहासाचे पुस्तक वाचताना एका वाक्यापाशी अडले. १७९४ साली कोश्चुश्कोच्या नेतृत्वाखाली पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. एप्रिल महिन्यात वॉर्सॉच्या रस्त्यांवर जी सामान्य जनता लढली तिचा एक पुढारी, यान किलिन्स्की, हा जोडे शिवणारा होता. बस्स, एवढेच. पुस्तक पुढे गेले. मी मात्र तिथेच राहिले. जोडे शिवणाऱ्याच्या शब्दावर राजधानीतले लोक उठतात? मग ग्रंथालयात जे मिळेल ते वाचत गेले.

पोलंडच्या शहरांत मध्ययुगापासून प्रत्येक धंद्याचा संघ असे. त्याला ‘त्सेख’ म्हणतात. मुलगा आधी उस्तादाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राही, मग कारागीर होई, गावोगाव हिंडून काम करी आणि शेवटी संघातल्या ज्येष्ठांपुढे आपल्या हातचा नमुना ठेवी. तो पसंत पडला तरच स्वतःचे दुकान मांडायची परवानगी. संघाची एक पेटी असे. तीत वर्गणी जमे आणि आजारी सभासदाला, कुणाच्या अंत्यविधीला त्यातून मदत होई. शहराच्या तटबंदीची राखणसुद्धा संघांनी वाटून घेतलेली असे.

क्राकूफ शहराचा लेखनिक बाल्टाझार बेहेम याच्या नावाचा १५०५ सालचा एक ग्रंथ तिथल्या यागेलोनियन ग्रंथालयात आहे. त्यात संघांचे नियम आणि हक्क लिहिलेले आहेत आणि कारागिरांची रंगीत चित्रेही आहेत. एका पानावर जोडे शिवणाऱ्यांचे दुकान आहे. त्या चित्राची छापील प्रत मी कितीतरी वेळ बघत बसले. आप्पांच्या कामाचे चित्र तोवर मी कुठल्याच ग्रंथात पाहिले नव्हते.

याच क्राकूफची एक दंतकथा आहे. वावेल टेकडीखालच्या गुहेत एक राक्षसी सर्प राहत होता. भल्याभल्यांना तो आवरेना. तेव्हा स्कुबा नावाच्या जोडे शिवणाऱ्या पोराने मेंढीच्या कातड्यात गंधक भरले, कातडे नीट शिवले आणि गुहेपुढे ठेवले. सर्पाने ते गिळले, पोटात आग पडली, म्हणून नदीचे पाणी पीत सुटला आणि शेवटी फुटून मेला. तलवारीला जे जमले नाही ते टाक्याला जमले!

हे वाचून मी हरखून गेले. पण पुढे वाचले तशी जमिनीवर आले. जोडे शिवणाऱ्यांची गल्ली क्राकूफच्या तटाच्या आत होती; कातडी कमावणाऱ्यांची वस्ती, गार्बारी, तटाच्या बाहेर. गावाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे आम्हांला कुणी समजावून सांगायला नको. संघात शिरताना औरस जन्माचा पुरावा मागत. ख्रिस्ती संघांची दारे ज्यूंना बंद असत, म्हणून त्यांनी आपले वेगळे संघ काढले. संघाबाहेर राहून काम करणाऱ्याला ‘पार्ताच’ म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थच ‘काम बिघडवणारा’ असा झाला आहे. दारू पिण्यात आणि शिव्या देण्यात कुणी अट्टल असला की त्याला जोडे शिवणाऱ्याची उपमा देण्याची रीत पोलिश भाषेतही आहे. म्हणजे माणसे तिथलीही माणसेच!

तरीही एक फरक मला विसरता येत नाही. तिथे हातचा नमुना दाखवून माणूस उस्ताद होई. आप्पांना नमुना कुणी विचारलाच नाही. त्यांची जागा ठरवायला जन्म पुरेसा होता.

किलिन्स्की असाच वॉर्सॉत उस्ताद झाला. धंद्याच्या जोरावर त्याने जुन्या शहरात घर घेतले, नगरसभेत बसला. उठावात कर्नल झाला, पुढे पकडला गेला, पीटर्सबर्गच्या तुरुंगात राहिला, सुटल्यावर त्याने आठवणी लिहिल्या. १८१९ मध्ये तो वारला. १९३६ साली वॉर्सॉत त्याचा पुतळा उभा राहिला. १९४२ मध्ये जर्मनांनी तो उखडून राष्ट्रीय संग्रहालयात दडवला, तर थोड्याच दिवसांत संग्रहालयाच्या भिंतीवर कुणीतरी रंगवले की, लोकहो, मी किलिन्स्की, इथे आहे! रंगवणारा एक तरुण स्वातंत्र्यसैनिक होता. युद्ध संपले, पुतळा पुन्हा उभा राहिला. पुढे चर्मकामाच्या संघाने जुन्या शहरातल्या वोंस्की दुनाय या गल्लीत किलिन्स्कीच्या नावाने संग्रहालयही थाटले.

एका संध्याकाळी हे सारे मी आप्पांना सांगितले. पुतळ्याचे ऐकून ते काहीच बोलले नाहीत. हातातला टाका पुरा केला आणि मग म्हणाले, “पर त्येनं शिवलेला जोडा टिकायचा का?”

“त्याच जोड्यांवर घर बांधलं त्यानं, आप्पा.”

“मग टिकत असणार,” म्हणाले आणि त्यांनी दुसरी चपल ओढली.

यंदा दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना तोच रकाना पुन्हा आला. मी लिहिले : ‘चपला शिवणे व दुरुस्त करणे’. लिहिताना हात थरथरला, हे कबूल करते. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि गठ्ठ्यावर ठेवला. तो रकाना त्याने वाचलासुद्धा नाही.

वर्षभर मी कुणापासून लपवत होते?