कुंपणाची राखण

परगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत काहीतरी घातल्यावाचून त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, असा माझ्या आईचा नियम आहे. मी मुंबईला निघालो तरी दोन पोळ्या आणि लोणच्याची फोड बरोबर येते. मग धाकट्या बहिणीकडे ब्रिस्बेनला निघालो तेव्हा काय झाले असेल, ते सांगायला नको. मेतकूट, गोडा मसाला, चकल्या, आणि सगळ्यांत खाली, रुमालाच्या गाठीत, आमच्या वृंदावनातल्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या. "तिच्या दारात तुळस नाही रे," एवढेच ती म्हणाली.

विमानात एक कार्ड भरायला दिले. बरोबर खाद्यपदार्थ आहेत काय, बियाणे आहे काय, असे सरळ प्रश्न. मसाल्यापुढे मी 'होय' अशी खूण केली. बियाण्यापाशी मात्र पेन अडले. मंजिरी म्हणजे का बियाणे? असला शब्दच्छल मी वर्गात पोरांना करू देत नाही. स्वतःला मात्र करू दिला आणि 'नाही'वर खूण करून मोकळा झालो. विमानतळावरच्या रांगेत उभा राहिल्यावर धीर सुटला. तपासणीच्या टेबलाशी आल्यावर मीच ती गाठ सोडून पुढे केली. तिथल्या बाई सौजन्याने बोलल्या. आधी सांगितलेत हे बरे केलेत, म्हणाल्या. मसाला परत मिळाला. आईची तुळस मात्र एका डब्यात गेली.

गाडीत बसल्यावर मी भडकलो. आमच्या देवाच्या तुळशीने यांचा असा कोणता मुलूख बुडणार होता? बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, बाबांचे हात आठवतात?"

आठवतात. पुण्याबाहेर वडिलांनी हौसेने एक तुकडा जमीन घेतली होती. रविवारी तिथे जाऊन ते गाजरगवत उपटत. पुढे हातांना, मानेला खाज सुटली. कातडी जाड झाली, भेगाळली. मूठ मिटताना त्यांचा चेहरा आवळून येई. डॉक्टरांनी कारण सांगितले तेव्हा उशीर झाला होता. हे गवत आपल्याकडचे नव्हे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे म्हणतात. एका झाडाला हजारो बिया. कुठल्यातरी पोत्यातून चार बिया सांडल्या असतील, आणि आज देशात ते नाही असा प्रांत शोधावा लागेल. त्या पोत्यापाशी कुणी बाई टेबल मांडून बसली असती तर?

माझा राग तिथेच उतरला. पण मास्तराची जात, शंका राहतेच. राखणदार बसवला म्हणजे राखण झाली काय? आपल्याकडे म्हणच आहे, कुंपणच शेत खाते. ऑस्ट्रेलियाने तर हे भोगले आहे. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ साली तिथल्या सरकारी ऊस-संशोधकांनीच हवाईहून बेडूक आणून क्वीन्सलंडमध्ये सोडले. बेडकांनी भुंगेरे राखले आणि बाकीचे रान फस्त करीत ते पसरले. अजून पसरत आहेत.

म्हणून त्या लोकांनी कुंपणावरही राखण ठेवली आहे. २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याने तिथे एक महानिरीक्षक असतो. खात्याच्या हाताखालचा नव्हे, खात्याला तपासणारा. तो खात्याला हुकूम सोडू शकत नाही. कारभार पाहायचा आणि अहवाल छापून लोकांपुढे ठेवायचा, एवढेच त्याचे काम. एवढ्याने काय होते, असे मलाही वाटले होते. पण २०१६ च्या अखेरीस ब्रिस्बेनजवळच्या लोगन नदीकाठी कोळंबीच्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी मारून टाकावी लागली. दुकानांतल्या, बाहेरून आलेल्या कच्च्या कोळंबीतही तोच विषाणू निघाला. तीही तपासणीच्या दारातूनच आत आली होती. तेव्हाच्या महानिरीक्षक डॉ. हेलन स्कॉट-ऑर यांनी २०१७ च्या अहवालात आडपडदा न ठेवता लिहिले, की हे व्यवस्थेचे मोठे अपयश आहे. सरकारी पदावरच्या व्यक्तीने सरकारी खात्याची चूक लिहावी आणि ती कुणालाही वाचता यावी, याचे मला मोठे अप्रूप वाटले.

आपल्याकडे राखण नाही असे नाही. १९१४ चा कीड-रोगांचा कायदा आहे, त्याखाली निघालेला २००३ चा आदेश आहे, बंदरांवर तपासनीस आहेत. २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षेचे नवे विधेयक लोकसभेत आले होते. पण ती लोकसभा संपली आणि त्याबरोबर तेही बारगळले. गाजरगवत कुणाच्या नजरचुकीने आले, याचा जाब वडिलांनी कुणाला विचारावा, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यांनी विचारलाही नाही. ते आपले हाताला खोबरेल लावून बसत.

परत आल्यावर आईला सगळे सांगितले. कार्डावरची खोटी खूणसुद्धा. बहिणीने तिथल्याच रोपवाटिकेतून तुळशीचे रोप आणल्याचेही सांगितले. आई वाती वळत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "घेतली ते बरंच केलं म्हणायचं. पण त्या बाईवर लक्ष ठेवायला आहे ना कुणी?"

"आहे," मी म्हणालो.

"मग हरकत नाही," असे म्हणून तिने पुढची वात घेतली.