मांडीचा दाब कधी काढावा?

सारंगखेड्याच्या यात्रेत नाचरा घोडा आला की लोक त्याचे पाय बघतात. मी आधी तोंडाचे कोपरे बघतो. तिथे जखम असली तर तो भीतीने नाचतो आहे असे समजा.

ड्रेसाज म्हणजे घोड्याची कवायत. तीत २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चमूने सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत १९८२ नंतरचे पहिलेच. चमूत मुंबईचा हृदय छेडाही होता. ६० मीटर लांब, २० मीटर रुंद रिंगणात घोडा तिरका सरकतो, जागीच वळतो. स्वाराने तोंडाने आवाज केला तर गुण कापतात! बोलायचे ते मांडीने आणि बैठकीने.

शिकवायला वर्षे लागतात, पण खोंड वळवणाऱ्याला युक्ती नवी नाही. मांडी दाबा, घोड्याने पाऊल बाजूला टाकले की दाब त्याच क्षणी काढा. सुटका हेच त्याचे बक्षीस. उशीर झाला तर आपले काय बरोबर आले, हे त्याला उमगत नाही.

शेजारच्या गावचा एक पोरगा तरण्या घोड्यावर नुसता आसूड चालवी. त्याला मी रोज अर्धाच तास दिला, जमले की लगेच खाली उतरायचे. तिसऱ्या आठवड्यात घोडा खोगीर बघून बुजेनासा झाला. तिरकी चाल डावीकडे जमते. उजवीकडे अजून अडतो.