जवारी

दांडी जोडली, भोपळ्यावर नक्षी झाली, पॉलिश चढलं, तारा ओढल्या, तरी तंबोरा अजून मुकाच असतो. त्याला वाचा फुटते ती अगदी शेवटी, घोडीवर कानस फिरते तेव्हा. हे जवारी काढणं मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसून पाहावं, ऐकावं.

घोडी म्हणजे तबलीवरची, भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या फळीवरची, ती पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. वरून सपाट वाटते, पण तिला अगदी किंचित उतार असतो आणि तार त्या उताराला चाटत थरथरते. कारागीर कानस एकदाच हलकी ओढतो, भुकटी फुंकरतो, तार छेडून मान कलती करतो. पुन्हा एक हात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर हलला तरी आवाज मिटतो, नाहीतर पसरट होतो. नेमकी जागा सापडली की खर्जाच्या तारेतून कुणीच न लावलेला गंधार बोलू लागतो. मूळ नादाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर, शास्त्र एवढ्यात सांगून मोकळं होतं. मला मात्र दर वेळी अंगावर काटा येतो.

हे कसब आलं शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या घरातून. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम आटत गेलं, तेव्हा मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि पुढे शिकलगारांच्या पिढ्या यातच रमल्या. पात्याची धार बोटाला कळणारा हात घोडीच्या उतारावर असा स्थिरावला, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारातून. हा कडू भोपळा, खायचा नव्हे. वेलीवर निबर होऊन खडखडीत वाळला की मिरजेची वाट धरतो. तिथे तो भिजवायचा, कापायचा, आतला गर-बिया खरवडायच्या, आकार धरावा म्हणून आतून काठ्यांचे टेकू द्यायचे. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला थोरला भोपळा, बायकी आवाजाला लहान. दांडी नि तबली तून लाकडाची, सांधे सरसाचे.

आणि कान? तो गावानंच घडवला. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेल्यावर इथल्या मीरासाहेब दर्ग्यातच त्यांना मूठमाती मिळाली. उरुसात तिथे अजून गाणं होतं. ज्याच्या कानावर असं गाणं पडत आलंय, त्याला सुरात कुठे खोट आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फार चांगलं झालं. पण मानांकनानं नाव राखलं जातं; हात राखायला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक आता मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर भागवतं. सोय म्हणून तो असू द्या. एवढंच करा: घरात आजीचा तंबोरा गवसणीत पडून असेल तर बाहेर काढा. मिरजेला न्या, समोर बसून जवारी काढून घ्या आणि मजुरीत घासाघीस करू नका.