माणसं मोजा

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी काळ्या घोड्याला जायचं, हा तिचा वीस वर्षांचा नेम. घरचे हसतात. खरेदीला लोक दादर गाठतात, ही जाते जहांगीरला.

सुरुवात २००४ची. तिला नुकतीच नोकरी लागली होती, भावानं डोंबिवलीला घर घेतलं होतं आणि भाऊबिजेला दरवर्षी आपणच ओवाळणी घ्यायची हे आता तिला बरं वाटेना. जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायला तिकीट लागत नाही, म्हणून ती शिरली. दालनातल्या किमती वाचल्या आणि गुपचूप बाहेर आली. फुटपाथवर मात्र चित्रं ओळीनं मांडलेली होती आणि ती काढणारे शेजारीच बसले होते. एकाकडे गेरूच्या रंगाचा हातभर कागद होता. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती वेटोळं घालून नाचणारी माणसं. किंमत साडेतीनशे. तिनं अडीचशे म्हटलं.

“आधी माणसं मोजा ताई, मग बोला.”

तिनं खरंच मोजली. एकोणसत्तर! दोन त्रिकोण टोकाला टोक भिडवले की वारली माणसाचं धड होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. पण मोजताना दिसलं, की प्रत्येकाच्या कमरेचा बाक निराळा आहे. सौदा तीनशेवर जमला. मग गॅलरीतल्याच सामोवार कॅफेच्या आगगाडीच्या डब्यासारख्या लांबट व्हरांड्यात बसून तिनं चहा घेतला, चित्र मांडीवर ठेवून.

फुटपाथवरच्या त्या कागदाचं नातं जहांगीरच्या इमारतीशी होतं, हे तिला पुढे कळलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं १९७५ मध्ये याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या केमोल्ड गॅलरीत लागली होती. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कागदावर येण्याआधी ही चित्रं विकायची नव्हतीच. लग्नघरात सवाशिणी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. हो, लिहायच्या, वारली माणूस चौकाला ‘काढला’ म्हणत नाही. चौकात पालघट देवी बसल्याशिवाय लग्न लागायचं नाही. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, त्याला किंमत आली, खाली सही आली. आणि सही बहुतेक पुरुषांची आली. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणी विचारली नाहीत. हे तिला खटकतं, आणि खटकायलाच हवं.

एका वर्षी वेळ नव्हता, म्हणून तिनं एका चकचकीत दुकानातून ‘हाताने रंगवलेले’ वारली ट्रे घेतले. सहा नणंदा-जावांना सहा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा सहाही ट्रेंवर तीच बाई, तीच घागर, घागरीच्या काठाशी पांढऱ्या रंगाचा तोच ओघळ. छापील ओघळ! तेव्हापासून ती एकाच हातची दोन चित्रं मागून घेते आणि शेजारी धरून बघते. हाताचं काम असेल तर कुठे तरी एखादा पाय आखूड निघतोच.

सामोवार २०१५ मध्ये बंद झालं. चहा आता ती कोपऱ्यावर उभ्यानं पिते. भेटी मात्र थांबल्या नाहीत: लग्नाला, बारशाला, परदेशी निघालेल्या भाच्याच्या बॅगेत. कागद गुंडाळीत राहतो, वजन होत नाही, आणि मिठाईसारखा चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जात नाही. आताशा ती चित्रकाराला मागच्या बाजूला नाव आणि गाव लिहायला लावते. घासाघीस करत नाही.

गेल्या दिवाळीत भावाकडे रंगकाम निघालं आणि ते पहिलं चित्र भिंतीवरून उतरलं. गेरू फिका पडलाय, एकोणसत्तर माणसं अजून नाचताहेत. तिनं फ्रेम उलटी केली. मागे नाव नव्हतं. कोपऱ्यात पेन्सिलीनं नुसता आकडा होता: ३५०.

तिनं दिले होते तीनशे.